ठसा कोणाचा, वही कोणाची? ओळखपत्रे आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचा इतिहास

१/ गेल्या महिन्यात पासपोर्टच्या कामासाठी एका कार्यालयात गेले होते. काचेच्या छोट्या पट्टीवर बोटे टेकवली, दिवा लागला, दोन मिनिटांत काम झाले. त्याच आठवड्यात गावी माझी आजी रेशनच्या दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परतली. आयुष्यभर खुरपणी करून आणि राखेने भांडी घासून झिजलेला तिचा अंगठा यंत्राला वाचता येईना. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पुन्हा पुसून, ओला करून टेकवला, तेव्हा कुठे 'लागला' आणि धान्य मिळाले. एकाच घरातल्या दोन हातांचा हा वेगवेगळा अनुभव डोक्यातून जाईना. त्यातून हा थ्रेड आकाराला आला.

२/ प्रश्न जुनाच आहे: राष्ट्रीय ओळखपत्रे आणि बायोमेट्रिक पासपोर्ट यांमुळे व्यक्तिस्वातंत्र्य धोक्यात येते काय? एक पक्ष म्हणतो, लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची? दुसरा म्हणतो, ही तर गुलामगिरीची नांदी. दोन्ही उत्तरे इतिहास न पाहता दिलेली आहेत. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत हा प्रश्न बंगालमध्ये, दक्षिण आफ्रिकेत, नेदरलँड्समध्ये, ब्रिटनमध्ये आणि आपल्या महाराष्ट्रातही प्रत्यक्ष माणसांच्या वाट्याला आला. त्या अनुभवांतून बरेच नेमके उत्तर हाती लागते. क्रमाने पाहू.

३/ सुरुवात घरापासून. मराठेशाहीतील महजर किंवा वतनपत्रे पाहिली, तर लिहिता न येणाऱ्या पाटलाच्या नावापुढे 'निशाणी नांगर' असे आढळते. बलुतेदारही आपापल्या अवजाराचे चित्र काढून साक्ष देत. ही निशाणी माणसाच्या कामाची, वतनाची खूण होती. ती एकट्या व्यक्तीला इतरांपासून वेगळे काढत नसे. तिच्यामागे गोतसभा उभी असे आणि माणूस खरा की खोटा हे गाव सांगे. पुढे इंग्रजी अमदानीत या नांगराची जागा 'नि. डा. अं.' या तीन अक्षरांनी घेतली: निशाणी डावा अंगठा. ओळख अवजारावरून शरीरावर आली. हा बदल घडला कसा?

४/ साल १८५८. उठाव नुकताच शमत होता आणि राज्यकर्त्यांचा रयतेवरचा विश्वास पार उडालेला होता. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल हा तरुण मुलकी अधिकारी होता. युरेनस ग्रहाचा शोध लावणाऱ्या हर्शेलचा हा नातू. रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा करार त्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी केला आणि सहीवर न थांबता त्याच्या तळहाताला शाई फासून कराराच्या पाठीवर पंजाचा ठसा घेतला. उद्या कोनाईने 'ही सही माझी नव्हे' म्हणू नये, असा धाक बसवणे हा त्याचा हेतू होता. म्हणजे ठशाच्या जन्मापाशीच अविश्वास उभा आहे, हे ध्यानात ठेवावे.

५/ हर्शेल पुढे ठसे जमवत राहिला. वर्षानुवर्षे तेच ठसे पुन्हा घेऊन बोटांवरच्या रेषा बदलत नाहीत, हे त्याने पडताळले. १८७७ मध्ये हुगळीचा मॅजिस्ट्रेट असताना त्याने तीन ठिकाणी ही पद्धत लागू केली: निवृत्तिवेतन, दस्तनोंदणी आणि तुरुंग. यात सोयही होती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मेलेल्या माणसाच्या नावाने वेतन उचलणारे, बनावट खरेदीखत करून गरिबाची जमीन लाटणारे लोक होतेच. खऱ्या मालकाचा हक्क ठशामुळे शाबीत होऊ शकत होता. मात्र पेन्शनर आणि कैदी यांना एकच शाई लागली, तीही त्याच वर्षी.

६/ येथवर ठसा एकाच प्रश्नाचे उत्तर देत होता: 'हा तोच का?' समोरचा माणूस, जुना कागद, दोन ठसे शेजारी ठेवायचे, बस्स. पोलिसांना मात्र दुसरे उत्तर हवे होते: 'हा कोण?' हजारो ठशांच्या ढिगाऱ्यातून एक ठसा शोधायचा कसा? या दोन प्रश्नांतील अंतर लहान वाटते. पण माझ्या मते या विषयाचे सारे मर्म त्या अंतरात आहे. पहिल्या प्रश्नाला एक कागद पुरतो. दुसऱ्यासाठी सर्वांची नोंदवही लागते. कागद माणसाच्या खिशात राहतो, वही सरकारच्या कपाटात.

७/ ती अडचण कलकत्त्यात सुटली. आपल्याकडे मुलांच्या बोटांवर शंख किती आणि चक्रे किती, हे मोजण्याची हौस घरोघरी असते. बंगाल पोलीस खात्यातील अजिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या पद्धतीचा पायाही चक्रांचाच होता. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. ज्या बोटावर चक्र असेल त्याला त्या जोडीप्रमाणे १६, ८, ४, २ किंवा १ गुण. प्रत्येक जोडीतील एकेका बोटाची वेगळी बेरीज करायची. दोन्ही बेरजा ० ते ३१ च्या दरम्यान येतात, म्हणून ३२ गुणिले ३२, एकूण १,०२४ कप्पे. नवा ठसा आला की तो कोणत्या कप्प्यात शोधायचा, हे काही मिनिटांत कळे.

८/ १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले. या प्रकारचे ते जगातील पहिले मानले जाते. पद्धतीला नाव मिळाले ते पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांचे. हक पुढे खानबहादूर झाले आणि बोस रायबहादूर, पण जगभरच्या पोलीस ठाण्यांत 'हेन्री पद्धत' हेच नाव रुजले. स्कॉटलंड यार्डने ती १९०१ मध्ये स्वीकारली. साम्राज्याच्या राजधानीने वसाहतीकडून घेतलेल्या गोष्टींची यादी केली, तर तिच्यात हे शास्त्र बरेच वर असेल. वसाहतीत मात्र त्या कपाटांचा उपयोग कोणावर झाला?

९/ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. १९११ च्या नव्या कायद्याने त्याची कक्षा देशभर वाढवली आणि नोंद झालेल्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही दिला. मुंबई इलाख्यात या नोंदवहीत ज्यांची नावे गेली, त्यांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि परवान्याशिवाय ठरावीक हद्द ओलांडता येत नसे. सोलापूरची तारेच्या कुंपणातील सेटलमेंट आजही शहराच्या बोलण्यात त्याच नावाने जिवंत आहे. कोणी काय केले, हे त्या वहीत पाहिले जात नसे. तुम्ही कोणाच्या पोटी जन्मलात, एवढेच पाहिले जाई.

१०/ ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून गेला. भटके-विमुक्त समाज तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण वही बंद झाली म्हणून शाई पुसली गेली नाही. अनेक राज्यांत 'सराईत गुन्हेगार' या नावाचे कायदे पुढे आले आणि पोलिसांचा जुना संशय नव्या नावाने चालू राहिला. नोंदवहीचे हे पहिले लक्षण: तिला जन्म देणारा कायदा मेला, तरी तिने लावलेली सवय जगते.

११/ आता हेन्रींच्या मागोमाग दक्षिण आफ्रिकेत जाऊ. बोअर युद्ध चालू असताना, १९०० मध्ये, त्यांना जोहान्सबर्ग आणि प्रिटोरियाच्या पोलीस दलांची घडी बसवण्यासाठी तिकडे धाडण्यात आले. सोबत कलकत्त्याची पद्धतही गेली. १८६० पासून शेजारच्या नाताळमध्ये हिंदी मजूर करारावर येत होते आणि ट्रान्सवालमध्ये हिंदी व्यापाऱ्यांनी पेढ्या थाटल्या होत्या. गोऱ्या वसाहतकारांना ते खुपत. त्यांना मोजायचे, रोखायचे आणि शक्य तर हाकलायचे, असा विचार तिकडे बळावत होता.

१२/ २२ ऑगस्ट १९०६ रोजी ट्रान्सवालच्या सरकारी गॅझेटमध्ये एका वटहुकमाचा मसुदा छापून आला. आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी स्त्री-पुरुषाने नोंदणी करावी, जुने परवाने परत करावेत, दहाही बोटांचे ठसे द्यावेत. पोलीस रस्त्यात कोठेही दाखला मागू शकतील, त्यासाठी घरातही शिरू शकतील. दाखला नसेल तर दंड, तुरुंग किंवा हद्दपारी. गांधीजींनी ठशांचा विषय समजून घेण्यासाठी एक पुस्तक मिळवून वाचले. लेखक होते तेच एडवर्ड हेन्री. कायद्याने दहा बोटे मागितली जातात ती केवळ गुन्हेगारांकडून, असा त्यातून गांधीजींनी अर्थ काढला.

१३/ ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये सुमारे तीन हजार हिंदी लोक जमले. हा कायदा मानायचा नाही, त्यासाठी जे भोगावे लागेल ते भोगायचे, अशी शपथ त्यांनी ईश्वराला स्मरून घेतली. सत्याग्रहाचा जन्म या सभेत मानला जातो. थोडे थांबून पाहा: विसाव्या शतकातील या थोर राजकीय शस्त्राचा पहिला वार कोणत्या गोष्टीवर झाला? सक्तीच्या नोंदणीवर आणि दहा बोटांच्या ठशांवर. पुढे स्त्रियांच्या नोंदणीचे कलम गळाले, पण १९०७ मध्ये कायदा झालाच. लोक त्याला 'काळा कायदा' म्हणू लागले.

१४/ जानेवारी १९०८ मध्ये गांधीजी तुरुंगात गेले. त्याच महिनाअखेरीस जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली: हिंदी लोकांनी आपखुशीने नोंदणी करावी, मग काळा कायदा रद्द होईल, अशी गांधीजींची समजूत होती. १० फेब्रुवारीला ते स्वतः नोंदणीला निघाले, तेव्हा मीर आलम या त्यांच्याच जुन्या अशिलाने आणि सोबत्यांनी त्यांना रस्त्यात मारून रक्तबंबाळ केले. कालपर्यंत बोटे देऊ नका म्हणणारा आज स्वतः बोटे द्यायला निघाला, हा विश्वासघात नव्हे काय? मीर आलमचा राग समजण्यासारखा होता. गांधीजींनी त्या जखमी अवस्थेतही ठसे दिले.

१५/ त्यांचे म्हणणे असे होते: ठसा तोच, बोटे तीच, पण सक्तीने घेतलेला ठसा माणसाला गुन्हेगाराच्या रांगेत बसवतो, तर राजीखुशीने दिलेला ठसा हा समान माणसांमधील सहकार असतो. अपमान शाईत नाही, सक्तीत आहे. कायदा मात्र रद्द झाला नाही. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात तीन पायांच्या मोठ्या कढईत दोन हजारांहून अधिक दाखले रॉकेल ओतून जाळण्यात आले. त्यांतले बहुतेक आपखुशीने घेतलेले दाखले होते. संमती दिली होती ती काही शर्तींवर. शर्त मोडली, तेव्हा संमतीही परत घेतली गेली.

१६/ या लढ्याशी पुण्याचाही धागा जुळतो. गोपाळ कृष्ण गोखले १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेला गेले, तेथील मंत्र्यांना भेटले आणि काळा कायदा जाईल असे आश्वासन मिळाल्याची समजूत घेऊन परतले. आणखी एक गोष्ट सांगणे इतिहासाच्या विद्यार्थिनीचे कर्तव्य आहे. त्याच भूमीवर काळे आफ्रिकी लोक कितीतरी आधीपासून पास बाळगत होते. हिंदी लोकांचा हा लढा त्यांच्यासाठी नव्हता. त्यांच्या वाट्याला पुढे १९५२ चा कायदा आला. त्याच्या नावात 'पास रद्द करणारा' असे शब्द होते! प्रत्यक्षात त्याने सगळे पास एका पुस्तिकेत बांधले आणि तिला बोटांच्या ठशांची जोड दिली. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासविरोधी निदर्शकांवर गोळीबार झाला. ६९ माणसे मारली गेली.

१७/ येथे एक आक्षेप येतो: ही सारी उदाहरणे वसाहतींची आणि वर्णद्वेषी राजवटींची झाली. चांगल्या, लोकशाही सरकारच्या हाती नोंदवही असेल, तर काय बिघडते? आक्षेप रास्त आहे. उत्तरासाठी नेदरलँड्सकडे पाहू. त्या देशात लोकसंख्येच्या नोंदी अत्यंत टापटिपीने ठेवल्या जात. प्रत्येक माणसाचे एक पत्रक आणि त्यात धर्माचा रकानाही. तो कोणाच्या छळासाठी ठेवलेला नव्हता. याकोब लेंट्स या अधिकाऱ्याने या पद्धतीत आयुष्य ओतले होते. त्याने राष्ट्रीय ओळखपत्राचाही प्रस्ताव मांडला. मार्च १९४० मध्ये डच सरकारने तो फेटाळला: प्रत्येक नागरिकाला संशयित मानणे आपल्या परंपरेत बसत नाही, असे म्हणून.

१८/ दोनच महिन्यांत जर्मन फौजा आल्या. लेंट्सने आपला आराखडा नव्या धन्यांपुढे ठेवला. १९४१ मध्ये छायाचित्र, सही आणि बोटाचा ठसा असलेले, नक्कल करण्यास अत्यंत अवघड ओळखपत्र सक्तीचे झाले. ज्यूंच्या पत्रावर ठळक 'जे' उमटला. त्या देशात नोंद झालेल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी सुमारे १ लाख २ हजार मारले गेले. फ्रान्समध्ये हे प्रमाण जवळपास चतुर्थांश होते, येथे तीन चतुर्थांश. एवढा फरक केवळ वहीमुळे पडला असे इतिहासकार म्हणत नाहीत. देशाची सपाट भूमी, कब्जाचे स्वरूप, नोकरशाहीची आज्ञाधारकता अशी कारणेही होती. पण वहीने वेळ वाचवला, हे कोणी नाकारत नाही.

१९/ प्रतिकार करणाऱ्यांना हे पुरते उमगले होते. २७ मार्च १९४३ च्या रात्री चित्रकार विलेम अरोंडेउस, शिल्पकार खेरित फान डर फेन आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या वेषात ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरले. पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध देऊन बागेत नेऊन ठेवले आणि पत्रकांना आग लावली. अग्निशमन दलाचे लोक सहानुभूतीने मुद्दाम उशिरा आले आणि उरलेल्या कागदांवर पाण्याचा मारा केला. एवढे करून सुमारे १५ टक्केच पत्रके नष्ट झाली. १ जुलै रोजी अरोंडेउससह बारा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. कागदाच्या कपाटापायी माणसांनी प्राण दिले, कारण त्या कपाटात इतरांचे प्राण होते.

२०/ हे नोंदवहीचे दुसरे लक्षण: वही सरकारपेक्षा दीर्घायुषी असते. तिचा आराखडा आजच्या राज्यकर्त्याच्या भरवशावर करायचा नसतो. उद्या येऊ शकणाऱ्या वाईटातल्या वाईट राज्यकर्त्याला स्मरून करायचा असतो. डच समाज ते विसरला नाही. पासपोर्टसाठी घेतलेले ठसे साठवून ठेवण्याचा बेत तिथे निघाला होता. टीका झाल्यावर २०११ मध्ये ही साठवण थांबवण्यात आली. जर्मनीतही पासपोर्टवरील ठसा त्या पासपोर्टच्या चिपमध्ये राहतो, देशव्यापी साठा करण्यास कायदा मनाई करतो. म्हणजे बायोमेट्रिक पासपोर्ट आहे, पण तो 'हा तोच का?' एवढेच विचारतो. सहाव्या भागातील अंतर आठवले का?

२१/ आता लोकशाहीतले, रक्तपात नसलेले उदाहरण पाहू. दुसरे महायुद्ध सुरू होताच, १९३९ मध्ये, ब्रिटनने सर्वांना ओळखपत्रे दिली. कारणे समजण्याजोगी होती: सैन्यभरती, सुरक्षा, शिधावाटप. युद्ध १९४५ मध्ये संपले, ओळखपत्रे संपली नाहीत. नव्या आरोग्यसेवेनेही तेच क्रमांक वापरले. पोलीस तर क्षुल्लक कारणानेही पत्र मागू लागले. ७ डिसेंबर १९५० रोजी लंडनच्या फिंचली भागात क्लॅरेन्स विलकॉक या मोटारचालकाला पोलिसाने अडवले आणि ओळखपत्र मागितले. विलकॉकने साफ नकार दिला. आपण उदारमतवादी आहोत आणि हा प्रकार आपल्याला मान्य नाही, एवढेच त्याचे म्हणणे.

२२/ खटला वरिष्ठ न्यायालयात गेला. जून १९५१ मध्ये लॉर्ड गॉडर्ड यांच्या न्यायपीठाने कायद्याच्या शब्दांनुसार विलकॉकला दोषी धरले, पण शिक्षा दिली नाही. उलट एका हेतूने केलेला कायदा भलत्याच हेतूसाठी वापरल्याने सरळमार्गी नागरिकही कायदेभंग करणारे ठरतात, असे पोलिसांनाच सुनावले. फेब्रुवारी १९५२ मध्ये ओळखपत्रे रद्द झाली. पुढे २००६ मध्ये ब्रिटनने पुन्हा ओळखपत्राचा कायदा केला, २०१० मध्ये नव्या सरकारने तो मोडीत काढला आणि २०११ मध्ये त्या नोंदींच्या हार्ड डिस्क यंत्रात घालून त्यांचे तुकडे केले. तिसरे लक्षण येथे दिसते: निमित्त सरते, वही उरते. ती मुद्दाम संपवावी लागते.

२३/ आता स्वगृही परतू. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. भूमिका अशी होती की ज्याच्याजवळ कोणताच कागद नाही, त्याला ओळख मिळावी. ही भूमिका हसण्यावारी नेऊ नये. कागद नसणे हीसुद्धा पारतंत्र्याची एक तऱ्हा आहे. महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांना जातीचा दाखला काढताना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांच्या आजोबांची पोलिसांच्या वहीत नोंद होती, त्यांच्या नातवांना शाळेच्या वहीसाठी नोंद सापडत नाही! राज्याने ज्याला फार पाहिले आणि ज्याला मुळीच पाहिले नाही, तो माणूस अनेकदा एकच असतो.

२४/ निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. सरकारी बाजूने युक्तिवाद झाला की राज्यघटनेत खासगीपणाचा मूलभूत हक्कच नाही. आधार होता १९६२ च्या खडकसिंग खटल्याचा. हा खडकसिंग कोण? दरोड्याच्या आरोपातून सुटलेला, तरीही पोलिसांच्या पाळतीच्या वहीत नाव राहिलेला, रात्री-अपरात्री ज्याचे दार ठोठावले जाई असा माणूस. म्हणजे वादाच्या मुळाशी पुन्हा एक वहीच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि खडकसिंग निकालातील विरोधी भाग रद्द केला.

२५/ २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात चार विरुद्ध एक मताने आधार टिकले. सरकारी अनुदानासाठी ते मागता येईल असे ठरले. बँक खाते व मोबाइल यांच्याशी सक्तीची जोडणी घटनाबाह्य ठरली. २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन बँका आणि मोबाइल कंपन्यांसाठी ते 'ऐच्छिक' म्हणून पुन्हा आले. हा शब्द वाचला की मला जोहान्सबर्गची ती कढई आठवते. ज्याला नकार देता येतो, तेच ऐच्छिक. रांगेत उभ्या असलेल्या, घाईत असलेल्या, दुसरा कागद माहीत नसलेल्या माणसाला खरोखर नकार देता येतो का, ही ऐच्छिकतेची कसोटी आहे.

२६/ पासपोर्टचेही असेच. पहिल्या महायुद्धातील तात्पुरता निर्बंध १९२० च्या कायद्याने कायमचा झाला. निमित्त सरते, वही उरते. १९७७ मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट कारण न देता अडकवला गेला. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की स्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीच असली पाहिजे. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये पासपोर्ट छापले जातात आणि आता त्यांत चिपही असते. पुस्तिका कितीही आधुनिक झाली, तरी ती मला सीमेपलीकडे नेणारी आहे की सीमेच्या आत अडवणारी, हे चिप ठरवत नाही. कायदा ठरवतो.

२७/ तर उत्तर काय? इतिहास 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात सांगत नाही. तीन प्रश्न विचारायला शिकवतो. एक, अन्न, औषध, शाळा न गमावता मला नकार देता येतो का? दोन, वहीत कोणता रकाना आहे आणि तो कोणाला वेगळे काढतो? तीन, काम संपल्यावर वही फाडण्याची तारीख आणि फाडणारा माणूस ठरला आहे का? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तर ओळखपत्र हे हक्क मिळवण्याचे साधन ठरू शकते. एकही नसेल, तर माझ्या मते स्वातंत्र्य आजच उणावलेले असते. फक्त ज्याचे बोट आधी अडते, त्याला ते आधी कळते.

२८/ आजीला हे सारे सांगितले. तिला जोहान्सबर्ग ठाऊक नाही. ती म्हणाली, 'दुकानदार मला चाळीस वर्षं ओळखतो. यंत्र ओळखत नाही म्हटल्यावर तोही ओळखेनासा झाला.' माझ्या साऱ्या वाचनात मला हे इतक्या थोडक्यात सापडले नव्हते. नांगराच्या निशाणीमागे गाव उभे होते. ते गावही न्यायी नव्हते, जातीची उतरंड त्यातच होती, म्हणून त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण चुकीच्या नोंदीविरुद्ध दाद मागायला समोर माणूस असावा, एवढे मागणे जास्त नाही.

२९/ शेवटी एक विनंती. तुमच्या घरी जुनी खरेदीखते, गहाणखते असतील, तर त्यांवरील निशाण्या पाहा. नांगर आहे, अंगठा आहे की सही? कोणत्या पिढीत बदल झाला? छायाचित्र टाकण्यापूर्वी नावे, गट क्रमांक आणि हो, अंगठ्याचा ठसाही झाकायला विसरू नका. काय सापडले ते खाली जरूर लिहा. थ्रेड समाप्त.